मक्याचा ब्रेड: आदल्या दिवशी भाजा, रात्रभर वाळवा, मगच सारणात घाला

अमेरिकेत दरवर्षी नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारी 'थँक्सगिव्हिंग' हा सण असतो. त्या दिवशी घरोघरी टर्की नावाचा मोठा पक्षी भाजतात आणि सोबत 'स्टफिंग' करतात. देशाच्या दक्षिण भागात, म्हणजे अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपी, टेनेसी अशा राज्यांत, हे स्टफिंग मक्याच्या ब्रेडचं असतं. मका आपल्याकडेही भरपूर पिकतो, पण त्यातला बराचसा कोंबड्यांच्या खाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्यांना जातो. तोच मका तिकडे सणाच्या ताटात कसा येतो, ब्रेड कसा करतात, आणि मका खाताना कोणती काळजी घ्यायची, याची ही माहिती.

स्टफिंग म्हणजे काय?

स्टफिंग म्हणजे पोटात भरायचं सारण. भरल्या वांग्यात आपण दाण्याचं कूट, तीळ, मसाला भरतो, तसंच. तिकडे भाजायच्या पक्ष्याच्या पोटात ब्रेडचा चुरा, कांदा, लोणी आणि सुगंधी पानं भरतात. भाजताना मांसाचा रस त्या चुऱ्यात उतरतो.

दक्षिणेतली बरीच घरं हे सारण पक्ष्यात भरतच नाहीत. वेगळ्या पसरट भांड्यात घालून ओव्हनमध्ये भाजतात. त्याला तिकडे 'ड्रेसिंग' म्हणतात. साहित्य साधारण तेच. फायदा असा की वरचा थर खरपूस होतो आणि आतलं सारण नीट शिजलं की नाही, ते सहज तपासता येतं.

मक्याचाच ब्रेड का?

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की ते चिकट होतं, ताणलं जातं. त्याला कारण गव्हातलं ग्लुटेन. मक्यात ते नसतं. म्हणून मक्याची भाकरी थापताना कडा फाटतात आणि मक्याचा ब्रेड कापताना भुगा पडतो. एरवी ही खोड वाटते, पण सारणात हीच उपयोगी पडते. भुगभुशीत तुकडे रस पटकन पितात. शिवाय मक्याला स्वतःची गोडसर चव आणि रवाळपणा असतो, त्यामुळे सारण बेचव लागत नाही.

अडचण एकच. ताजा, ओलसर ब्रेड थेट सारणात घातला तर त्याचा लगदा होतो. म्हणून ब्रेड आदल्या दिवशी करून वाळवायचा. या पदार्थाचं गुपित म्हणाल तर एवढंच.

पीठ कोणतं घ्यायचं?

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. दुकानात 'कॉर्नफ्लोअर' म्हणून मिळणारी पांढरीशुभ्र, गुळगुळीत पावडर म्हणजे मक्याचा स्टार्च. सूप किंवा मंचुरियन दाट करायला ती वापरतात. तिचा ब्रेड होत नाही.

ब्रेडला लागतं ते वाळलेल्या मक्याचं दळलेलं पीठ, आणि तेही थोडं जाडसर. भाकरीचं पीठ फार बारीक पडतं. गिरणीत दळताना 'बारीक रव्यापेक्षा थोडं बारीक ठेवा' असं सांगायचं. घरात बारीक पीठच असेल तर तीन वाट्या पिठात एक वाटी मक्याचा रवा मिसळला तरी चालतो.

मक्याच्या दाण्याच्या कोंबात तेल असतं. त्यामुळे अख्खा मका दळला की पीठ लवकर खवट होतं. लागेल तेवढंच दळून आणावं आणि हवाबंद डब्यात ठेवावं. पीठ चाखून कडवट लागलं तर ब्रेड करू नये.

ब्रेडचं साहित्य

साधारण ९ इंची भांड्यासाठी:

– मक्याचं जाडसर पीठ: ३०० ग्रॅम
– बेकिंग पावडर: २ छोटे चमचे
– खाण्याचा सोडा: अर्धा छोटा चमचा
– मीठ: १ छोटा चमचा
– आंबट दही: २५० ग्रॅम, त्यात १५० मिली पाणी घालून घुसळलेलं
– अंडी: २
– लोणी किंवा तेल: ४ मोठे चमचे

अमेरिकेतल्या पाककृतींत ताक लिहिलेलं असतं. पण तिकडे विकत मिळणारं ताक आपल्या ताकापेक्षा बरंच दाट असतं. आपलं पातळ ताक घातलं तर ब्रेड बसतो. म्हणून दही घुसळून घेणं बरं. ताकातला आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की फेस येतो आणि ब्रेड फुलतो. यीस्ट लागत नाही.

साखर घालायची की नाही, यावर अमेरिकेत आजही घराघरात वाद होतात. उत्तरेकडे ब्रेड गोड करतात आणि त्यात गव्हाचं पीठही बरंच असतं. दक्षिणेत जुनी पद्धत बिनसाखरेची. सारणासाठी बिनसाखरेचाच ब्रेड चांगला. कांदा आणि मिरीबरोबर गोड ब्रेड विचित्र लागतो.

अंडी चालत नसतील तर २२० ग्रॅम मक्याचं आणि ८० ग्रॅम गव्हाचं पीठ घ्यावं, दही दोन-तीन चमचे वाढवावं. गव्हाच्या पिठामुळे ब्रेड थोडा धरून राहतो.

कृती

१. ओव्हन २२० अंशांवर तापवून घ्या. बिडाचं भांडं असेल तर लोणी घालून तेही आत तापू द्या.
२. पीठ, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ एकत्र करा.
३. घुसळलेलं दही आणि फेटलेली अंडी त्यात घालून हलवा. पीठ इडलीच्या पिठाएवढं किंवा थोडं सैल हवं. फार घोटत बसू नका.
४. तापलेल्या भांड्यातलं बरंचसं लोणी पिठात ओता आणि लगेच पीठ भांड्यात घाला. 'चर्र' असा आवाज आला पाहिजे. त्यानेच खालचा थर खरपूस होतो.
५. २० ते २५ मिनिटं भाजा. मध्ये सुरी घालून बघा. सुरी कोरडी बाहेर आली आणि कडा भांड्यापासून सुटल्या की ब्रेड झाला.

सोडा घातल्यावर पीठ ताटकळत ठेवू नका. फेस बसला की ब्रेडही बसतो. म्हणून आधी भांडं तापवायचं, मग पीठ कालवायचं.

ओव्हन नसेल तर?

गावात बहुतेक घरांत ओव्हन नसतो, पण त्यावाचून काही अडत नाही. जाड बुडाची कढई किंवा जुनं पातेलं घ्या. तळाला जाड मिठाचा थर द्या, त्यावर तिवई किंवा ताटली ठेवा, घट्ट झाकण घाला आणि १० मिनिटं मध्यम आचेवर तापवा. मग पिठाचं भांडं आत ठेवून मंद आचेवर ४० ते ५० मिनिटं भाजा. यात वरून रंग कमी येतो. तयार ब्रेड तव्यावर उलटा टाकून दोन मिनिटं शेकला की काम होतं.

चुलीवर करायचं असेल तर खाली मंद विस्तव आणि वर झाकणावर निखारे ठेवायचे. कोकणात काकडीचं धोंडस किंवा तवसाळी पूर्वीपासून अशीच भाजतात. अमेरिकेत वसाहतीच्या काळात लोक मक्याचा ब्रेडही असाच करायचे. त्यांच्याकडे त्यासाठी उंच काठाच्या झाकणाचं बिडाचं भांडं असायचं, म्हणजे निखारे घसरत नसत.

वाळवणं: ही पायरी चुकवू नका

ब्रेड पूर्ण गार झाला की हातानेच सुपारीएवढे तुकडे करा. अगदी भुगा करू नका. मोठ्या ताटात पसरा, वर पातळ फडकं टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी तुकडे बाहेरून कोरडे आणि कडक लागले पाहिजेत.

हवा दमट असेल तर रात्रभर बाहेर ठेवू नका, बुरशी धरते. त्यापेक्षा ओव्हनमध्ये १२० अंशांवर ३० ते ४० मिनिटं ठेवा, नाहीतर तव्यावर मंद आचेवर परतत कोरडे करा.

सारण कसं करायचं?

वरच्या ब्रेडपासून आठ माणसांना पुरेल एवढं सारण होतं. साहित्य असं:

– वाळवलेल्या ब्रेडचे सगळे तुकडे
– लोणी: ८० ग्रॅम
– मध्यम कांदे: २, बारीक चिरून
– सेलरीच्या काड्या: ३, बारीक चिरून
– सेज नावाच्या सुगंधी पानांची भुकटी: १ छोटा चमचा
– मिरपूड: अर्धा छोटा चमचा, मीठ चवीपुरतं
– कोंबडीचा किंवा भाज्यांचा रस्सा, मसाला न घातलेला: ५०० ते ६०० मिली
– अंडी: २

लोण्यात कांदा आणि सेलरी मऊ होईपर्यंत परता. लाल करू नका. सेज आणि मिरपूड घाला. हे सगळं ब्रेडच्या तुकड्यांवर ओता. मिश्रण कोमट झालं की फेटलेली अंडी घाला आणि कोमट रस्सा थोडा थोडा करून मिसळा.

रस्सा किती घालायचा याची खूण सोपी आहे. मिश्रण मुठीत धरून आवळा. गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. १० मिनिटं थांबून पुन्हा बघा, कारण मका पाणी सावकाश पितो. तुपाचा हात लावलेल्या पसरट भांड्यात घालून १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं भाजा. वरचा थर सोनेरी व्हायला हवा.

सेलरी आणि सेज तालुक्याच्या बाजारात मिळतीलच असं नाही. सेलरीच्या जागी कोथिंबिरीचे कोवळे देठ आणि कांद्याची पात, सेजच्या जागी ओव्याची दोन-तीन पानं चिरून घालता येतात. चव तिकडच्यासारखी येणार नाही, पण पदार्थ चांगला होतो. शाकाहारी घरात हेच सारण ढोबळी मिरचीत भरून कढईत भाजता येईल. अंडी नको असतील तर गव्हाच्या ब्रेडचे दोन स्लाइस रश्श्यात भिजवून कुस्करून घालावेत.

कोंबडीत भरणार असाल तर

कच्च्या मांसातले जंतू रसाबरोबर सारणात उतरतात. वरून कोंबडी झालेली दिसते, पण मधलं सारण अर्धकच्चं राहू शकतं. ते खाऊन जुलाब-उलट्या होतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा की सारणाच्या मध्यभागी तापमान ७४ अंश सेल्सिअसला पोचलंच पाहिजे. त्यासाठी काही गोष्टी पाळाव्यात:

– सारण रात्री भरून ठेवू नका. भरलं की लगेच भाजायला घ्या.
– ठासून भरू नका, सैल भरा. उरलेलं वेगळं भाजा.
– ७४ अंश मोजायचा थर्मामीटर नसेल तर सारण वेगळ्या भांड्यातच भाजणं उत्तम.
– उरलेलं सारण दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीज नसेल तर त्याच जेवणात संपवा.

गरिबाची भाकर ते सणाचं ताट

मका मूळचा आजच्या मेक्सिकोतला. सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी एका रानगवतापासून तो घडवला. कोलंबसाच्या सफरींनंतर तो जगभर गेला आणि आपल्याकडेही आला. उत्तर अमेरिकेत आलेल्या युरोपीय लोकांना मका पेरायला आणि खायला तिथल्या मूळ रहिवाशांनीच शिकवलं.

दक्षिणेत मका सहज येई, गव्हाचं पीठ महाग पडे. त्यामुळे मक्याचा ब्रेड गरिबाचं रोजचं अन्न झाला. मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना शिधा म्हणून मक्याचं पीठ आणि खारवलेलं डुकराचं मांस मिळे. गुलामीतून निसटून पुढे मोठे नेते झालेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात या शिध्याची नोंद केली आहे. पीठ, पाणी, मीठ आणि विस्तव एवढ्यावर ही माणसं भाकरीसारखा जाड ब्रेड भाजून घेत.

राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १८६३ साली थँक्सगिव्हिंग देशभर पाळण्याची घोषणा केली. दक्षिणेतल्या स्वयंपाकघरांत सणाचं सारण घरात असलेल्या शिळ्या मक्याच्या ब्रेडचं होऊ लागलं. शिळ्या भाकरीचा कुस्करा करून फोडणी द्यावी, तसाच हा काटकसरीचा पदार्थ. आज टेनेसी राज्यातल्या साउथ पिट्सबर्ग या छोट्याशा गावात दरवर्षी मक्याच्या ब्रेडचा मोठा उत्सव भरतो. बिडाची भांडी बनवणारा जुना कारखानाही याच गावात आहे.

नुसता मका खाल्ला आणि लाखो आजारी पडले

याच मक्याच्या ब्रेडची दुसरी बाजूही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात 'पेलाग्रा' नावाचा आजार पसरला. उन्हात उघडी राहणारी कातडी भाजल्यासारखी लाल होई, जुलाब लागत, मग भ्रम होई आणि अनेक जण दगावत. काही दशकांत तिथे लाखो लोकांना हा आजार झाला.

सुरुवातीला सगळ्यांना हा संसर्ग वाटला. सरकारने १९१४ साली डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना तपासासाठी पाठवलं. अनाथाश्रमांत आणि मनोरुग्णालयांत रुग्ण आजारी पडतात, पण तिथले कर्मचारी पडत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. संसर्ग असता तर तो कर्मचाऱ्यांनाही झाला असता. फरक जेवणात होता. रुग्णांना मुख्यतः मका आणि त्याच्या जोडीला काकवीसारखे पदार्थ मिळत. दूध, अंडी, मांस वाढवल्यावर आजार हटला. लोकांना पटेना, तेव्हा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. त्यांना आजार झाला नाही. पुढे १९३७ साली कॉनराड एल्व्हेयेम यांच्या संशोधनातून कारण स्पष्ट झालं. शरीराला लागणारं नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडत होतं.

मक्यात नायसिन असतं, पण अशा रूपात की शरीराला ते घेता येत नाही. मेक्सिकोतले मूळ लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर भिजवून, धुऊन मग वाटतात. त्यामुळे नायसिन मोकळं होतं. मका जगभर गेला, पण ही पद्धत त्याच्याबरोबर गेली नाही.

आपल्याकडेही दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच पोट असलेल्या गरीब कुटुंबांत पेलाग्रा दिसला होता. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर १९६०च्या सुमारास महत्त्वाचं काम केलं. धान्य कोणतंही असो, सोबत डाळ, दूध-ताक, शेंगदाणे, अंडी किंवा मासे-मटण हवंच. सातपुड्यात मक्याची भाकरी उडदाच्या डाळीबरोबर खातात, ती जोडी म्हणूनच चांगली. आणि दही-अंडी घातलेला मक्याचा ब्रेड अधूनमधून खाल्ल्याने पेलाग्रा होत नाही. आजार झाला तो रोज, तिन्ही त्रिकाळ, नुसता मका खाऊन.

खायचा मका निवडताना

ब्रेड असो की भाकरी, दळण्याआधी मका नीट बघून घ्या.

बुरशी: पावसात भिजलेल्या किंवा ओलसर साठवलेल्या मक्यावर हिरवट-काळी बुरशी येते. तिच्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं. ते लिव्हरवर घाला घालतं आणि भाजून, उकळून जात नाही. १९७४ साली गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानमधल्या बांसवाडा भागात असा मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. बुरशीचा मका दुभत्या जनावरांनाही घालू नका, विषाचा अंश दुधात उतरतो. चांगला वाळलेला दाणा दाताखाली कडकन फुटतो. तो नुसता चेपला जात असेल तर अजून ऊन द्या.

बियाणं: पेरणीतून उरलेल्या पिशवीतला गुलाबी, हिरवा किंवा निळा रंग लावलेला मका कधीही दळू नका. त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावलेलं असतं. धुऊनही तो खाण्याजोगा होत नाही. कोंबड्यांनाही टाकू नका आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

थोडक्यात लक्षात ठेवा

– पांढरं कॉर्नफ्लोअर नको, मक्याचं जाडसर पीठ घ्या.
– सारणाच्या ब्रेडमध्ये साखर घालू नका.
– भांडं आधी तापवा, पीठ नंतर कालवा.
– ब्रेड आदल्या दिवशी करून कोरडा करा.
– मुठीत गोळा व्हावा, पाणी गळू नये, एवढाच रस्सा घाला.
– सारण वेगळ्या भांड्यात भाजणं जास्त सुरक्षित.
– बुरशीचा मका आणि रंगीत बियाणं गिरणीत नेऊच नका.